रिसॉर्टच्या पूलवर पहिला दिवस: सामानापाशी कुणीच बसायचं नाही

"तुम्ही जा गं, मी आहे इथं सामानापाशी." गोव्यातल्या कुठल्याही रिसॉर्टच्या पूलकडेला तासभर बसलात तर हे वाक्य कानावर येतंच. बोलणारी बहुतेक वेळा कुणाची तरी आई असते, सासू असते, नाहीतर आत्या. पोरं पाण्यात, पोरांचे बाबा पाण्यात, आणि ही साडी सावरून चपला, मोबाईल आणि वेफर्सची पुडी राखत बसलेली. माझी आई दोन सहलींत अशीच बसली. तिसऱ्या सहलीत, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, ती पाण्यात उतरली आणि जेवायची वेळ झाली तरी बाहेर यायला तयार होईना.

त्यामागे थोडी तयारी होती आणि ती कुणालाही जमण्यासारखी आहे. ज्यांना पोहता येत नाही, जे रिसॉर्टला पहिल्यांदाच चाललेत आणि पूलवर नेमकं काय करायचं असतं हे विचारायला ज्यांना संकोच वाटतो, अशा घरांसाठी हे लिहिते आहे.

आधी फोन, मग बुकिंग

साइटवरचा पूलचा फोटो पाहून काही ठरवू नका. फोटोत निळं पाणी दिसतं, पाणी किती फूट आहे ते दिसत नाही. रिसेप्शनला फोन लावा. "खोली किती?" असं विचारलंत तर पलीकडून रूमचा दर सांगतील, म्हणून "पूलमध्ये पाणी किती फूट आहे, कमीत कमी आणि जास्तीत जास्त?" असंच विचारा. न पोहणाऱ्यांसाठी एका बाजूला तीन-साडेतीन फूट पाणी हवं. काही ठिकाणी सगळा पूल सरसकट साडेचार-पाच फुटांचा असतो. पाच फूट उंचीच्या बाईला तिथे उभंही राहता येत नाही, मग ती सामानापाशी बसते यात नवल नाही.

पुढचे प्रश्न: उतरायला पायऱ्या आहेत की नुसती लोखंडी शिडी? गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी हा प्रश्न पाण्याच्या खोलीइतकाच महत्त्वाचा आहे. लहान मुलांचा वेगळा पूल आहे का? लाइफगार्ड असतो का? पुष्कळ ठिकाणी नसतो आणि तशी पाटीही लावलेली असते. पूल किती ते किती उघडा? आणि शेवटचा प्रश्न, जो आम्ही एकदा विचारला नाही: आम्ही येतोय त्या तारखांना पूल चालू आहे ना? त्या हॉटेलात पोचलो तेव्हा पूल रिकामा होता आणि तळाशी बसून दोन कारागीर फरश्या बदलत होते. धाकट्याचं तोंड अजून डोळ्यांसमोर आहे.

जागा निवडताना एवढं ध्यानात ठेवा. उत्तरेकडे कळंगुट, बागा, कांदोळीला गर्दी आणि गजबज जास्त. दक्षिणेकडे बाणावली, वार्का, काणकोण इथे शांतता जास्त आणि रिसॉर्टची आवारंही ऐसपैस. नुसतं पूलवर लोळायचं असेल तर मी दक्षिण सांगेन. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा सगळ्यात सुखाची, पण नाताळ ते नववर्ष दर फार चढतात आणि पूलमध्ये पाय ठेवायला जागा नसते. पावसाळ्यात समुद्रात उतरायला बंदी असते, दर उतरलेले असतात आणि भुरभुर पावसात पूलचं पाणी फार छान लागतं. मात्र ढगांचा गडगडाट ऐकू आला की लगेच बाहेर, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत उतरायचं नाही.

कॉस्च्युमचा प्रश्न

खरी अडचण इथे असते, म्हणून मोकळेपणानं लिहिते. सुती कपड्यांत, म्हणजे सलवार-कुडता, गाऊन, बनियन किंवा बर्म्युडा घालून, पूलमध्ये उतरू देत नाहीत. पुष्कळांना हा अपमान वाटतो, पण कारण साधं आहे. सुती कपडा पाणी पितो, जड होतो, पायात गुंततो. त्याचे तंतू आणि रंग सुटून पाणी गाळणाऱ्या यंत्रात अडकतात. ओढणी आणि साडी तर पाण्यात धोक्याचीच.

पण कॉस्च्युम म्हणजे उघडे हातपाय, असं मुळीच नाही. नायलॉन-लायक्राचे लांब बाह्यांचे, घोट्यापर्यंतचे पोशाख खेळाच्या सामानाच्या दुकानात आणि ऑनलाइन सहज मिळतात, मोठ्या मापातही. आईसाठी आम्ही गडद निळा घेतला, वरून मांडीपर्यंत घेर असलेला. तो तिनं घरी दार लावून दोनदा घालून पाहिला, आरशासमोर हात वर करून पाहिले, मग म्हणाली, "हा चालेल." हे घरीच होऊ द्या. रिसॉर्टच्या चेंजिंग रूममध्ये आयुष्यातला पहिला कॉस्च्युम चढवायचा म्हटलं की निम्म्या बायका तिथूनच परत फिरतात.

रूमपासून पूलपर्यंत जाताना वरून घालायला पुढून बटणं असलेला सैल गाऊन किंवा मोठा शर्ट ठेवा. पूलच्या कडेला काढायचा, बाहेर आल्यावर चढवायचा.

पाळीबद्दलही सांगून टाकते, कारण हा प्रश्न प्रत्येक मैत्रीण हळू आवाजात विचारते. पॅड लावून उतरता येत नाही, तो पाण्यानं फुगतो. कप किंवा टॅम्पॉन वापरत असाल तर खुशाल उतरा.

बॅगेत आणखी काय हवं? रबरी चपला, पोहायचा गॉगल, केसांची टोपी, पाण्यात टिकणारं सनस्क्रीन, ओल्या कपड्यांसाठी एक जाड प्लॅस्टिकची पिशवी आणि एक जादा कोरडा जोड. टॉवेल रिसॉर्ट देतं. काही ठिकाणी त्यासाठी कार्ड किंवा डिपॉझिट घेतात, ते परत करायला विसरू नका. मंगळसूत्र, बांगड्या, अंगठ्या रूमच्या तिजोरीत ठेवा. क्लोरीननं चांदी काळी पडते, आणि थंड पाण्यात बोटं आक्रसली की अंगठी कधी गळाली ते कळतही नाही. मंगळसूत्र काढायला मन घेत नसेल तर बारीक पोतीवर भागवा, पण लांब वाट्यांचं नको, ते पाण्यात तरंगतं आणि अडकतं.

पोचण्याची वेळ

कोकण कन्यानं निघालात तर रात्री मुंबई सोडून सकाळी मडगावला उतरता, आणि रूम मात्र बहुतेक ठिकाणी दुपारी दोनला मिळते. हे मधले तास लॉबीतल्या सोफ्यावर पेंगत काढू नका. पोहण्याचं सगळं सामान एका वेगळ्या छोट्या बॅगेत सगळ्यात वर ठेवा. मोठ्या बॅगा रिसेप्शनला द्या आणि "रूम मिळेपर्यंत पूल वापरला तर चालेल का?" असं विचारा. पूलवर बदलायची खोली असेल तर सहसा हो म्हणतात. विमानानं येणार असाल तर उत्तरेकडच्या रिसॉर्टला २०२३ साली सुरू झालेला मोपाचा विमानतळ जवळ पडतो, दक्षिणेकडच्यांना जुना दाबोळीच बरा.

सकाळ: शॉवर आधी, पाणी मग

पूल उघडला की पहिल्या तासात जा. ऊन कोवळं असतं, गर्दी नसते आणि सावलीतल्या लांब खुर्च्या रिकाम्या असतात. दहाच्या सावलीला भुलू नका. बारा वाजता सावली कुठे सरकेल ते झाडाकडे पाहून ठरवा आणि तिथली खुर्ची धरा.

पाण्यात उतरण्याआधी शॉवरखाली नीट अंघोळ करा, साबण लावून. सकाळी रूमवर अंघोळ झाली असली तरी घाम, तेल, पावडर अंगावर असतंच. पूलला जो उग्र वास येतो आणि डोळे चुरचुरतात, तो आपल्याला वाटतो तसा जास्त क्लोरीनचा परिणाम नसतो. घाम आणि लघवी क्लोरीनशी मिसळून क्लोरामाइन नावाची द्रव्यं तयार होतात, त्यांचा तो वास. म्हणजे पाण्याला फार उग्र वास येत असेल तर ते स्वच्छ असल्याची खूण नव्हे, उलट आहे. आपली खूण सोपी: कडेला उभं राहून तळाची जाळी स्वच्छ दिसते का पाहा. दिसत नसेल तर त्या पाण्यात उतरू नका, कुणी काहीही सांगो.

केस आधी साध्या पाण्यानं चिंब भिजवा. भिजलेले केस क्लोरीनचं पाणी कमी शोषतात. मग टोपी. खोबरेल तेल चोपडून मात्र जाऊ नका, त्याचा तवंग सगळ्यांच्या वाट्याला येतो.

सनस्क्रीन उतरण्याच्या पंधरा-वीस मिनिटं आधी लावा, एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्त. कानांच्या पाळ्या, मानेची मागची बाजू आणि पावलांचा वरचा भाग हमखास विसरला जातो. दर दोन तासांनी आणि अंग पुसलं की परत लावा. पाण्यात असताना ऊन जाणवत नाही, पण ते असतं. अर्धा मीटर पाण्याखालीही सूर्याच्या अतिनील किरणांचा सुमारे ४० टक्के जोर शिल्लक असतो. ढगाळ दिवशीही तीच काळजी घ्या.

पहिली पायरी

आता ज्यांना पोहता येत नाही त्यांच्यासाठी. आपल्याकडे गावात पाठीला डबा नाहीतर वाळका भोपळा बांधून विहिरीत ढकलायची रीत होती. त्यातून पुष्कळ जण शिकले हे खरं, आणि पुष्कळांनी आयुष्यभराची धास्ती घेतली हेही खरं. रिसॉर्टच्या पूलवर कुणी कुणाला ढकलायचं नाही, गंमत म्हणूनही नाही. आईच्या मनातली भीती अशीच होती. कृष्णेच्या घाटावर तिच्या मामानं तिला लहानपणी पाण्यात ओढलं होतं, आणि पन्नास-पंचावन्न वर्षांनंतरही ती ते पाणी नाकात गेल्याचं सांगायची.

म्हणून क्रम असा ठेवा.

आधी काठावर बसा आणि पाय पाण्यात सोडा. पाच मिनिटं, दहा मिनिटं, घाई नाही. पाणी ओंजळीनं हातांवर, मानेवर घ्या. डिसेंबर-जानेवारीत सकाळचं पाणी गार असतं आणि एकदम उतरलं की श्वास अडकल्यासारखा होतो.

मग कठडा धरून पायरी पायरीनं खाली. तोंड कठड्याकडे ठेवा, पाठ नाही. प्रत्येक पायरीवर दोन्ही पावलं टेकू द्या. तळाच्या फरश्यांवर पाय सरकतोय असं वाटतं, तर गुडघे किंचित वाकवून छोटी पावलं टाका. पूलच्या कडेला लिहिलेले फुटांचे आकडे वाचत चला आणि छातीच्या वर पाणी येईल तिथे पहिल्या दिवशी जाऊ नका. तळाचा उतार काही ठिकाणी एकाएकी वाढतो.

कमरेपर्यंतच्या पाण्यात पोचलात की नुसतं चाला. काठ धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत. एवढ्या पाण्यात शरीराचं जवळजवळ निम्मं वजन पाणी उचलून धरतं, त्यामुळे दुखऱ्या गुडघ्यांवरचा भार हलका होतो. आई तिसऱ्या फेरीला थांबली, खाली पाण्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "अगं, पाय दुखतच नाहीयेत." रूमपासून पूलपर्यंतच्या चौदा पायऱ्या ती माझा दंड धरून उतरली होती.

पुढचं शिक्षण श्वासाचं. काठ धरा, तोंडानं श्वास घ्या, ओठ पाण्यात बुडवा आणि फुंकर घालून बुडबुडे काढा. मग नाक बुडवा आणि नाकानंही हवा सोडा. हवा बाहेर जात असताना पाणी आत येत नाही, हे शरीराला एकदा पटलं की भीती निम्मी होते. दहा-बारा वेळा करा.

आणि तरंगण्याआधी उभं राहायला शिका. नवख्याची घाबरगुंडी बुडण्यामुळे उडत नाही, आडव्याचं उभं कसं व्हायचं ते माहीत नसल्यामुळे उडते. युक्ती अशी: दोन्ही गुडघे छातीशी घ्या, हातांनी पाणी खाली दाबा, डोकं वर काढा आणि मग पाय सोडा. पावलं आपोआप तळाला लागतात. हे काठ धरून पाच-सहा वेळा झालं की पोहता येणाऱ्या कुणाला तरी पाठीखाली एक हात ठेवायला सांगा आणि उताणे व्हा. कान पाण्यात जाऊ द्यात, हनुवटी वर, पोट वर, छातीत हवा भरलेली. मान उचलून पायांकडे पाहायला गेलात की कंबर खाली जाते. कान बुडले की बाहेरचा सगळा गलका बंद होतो, फक्त आपला श्वास ऐकू येतो आणि वर माडाच्या झावळ्या दिसतात. आईच्या पाठीखालचा माझा हात मी अर्ध्या मिनिटासाठी काढला होता. तिला ते नंतर सांगितलं. आधी विचारूनच काढायला हवा होता, तुम्ही तसंच करा.

सूर मारणं, कडेवरून उडी घेणं उथळ पूलमध्ये अजिबात नको. चार-पाच फूट पाण्यात डोकं खाली घालून सूर मारला की मानेचा मणका मोडू शकतो. तरुण मुलांना हे आधीच, रूमवरच बजावून ठेवा.

पोरं पाण्यात असताना

बुडणारं मूल आरडाओरडा करत नाही. त्याचं तोंड पाण्याच्या पातळीवर वरखाली होत असतं, डोकं मागे कललेलं असतं, आणि हाक मारण्याइतका श्वासच त्याच्याकडे नसतो. मिनिटभरात सगळं होऊन जातं, दहा फुटांवर मोठी माणसं गप्पा मारत असताना. त्यामुळे "सगळेच आहोत की इथं" या भरवशावर राहू नका. सगळे असले की कुणीच पाहत नसतं.

पाळ्या लावा. वीस-वीस मिनिटं एकाच मोठ्या माणसाचं काम फक्त पोरांकडे पाहणं. त्या वीस मिनिटांत मोबाईल नाही, पुस्तक नाही, ऑर्डर देणं नाही. पाळी बदलताना नाव घेऊन सांगा, "आता तू बघ." पाच वर्षांच्या आतल्या मुलाजवळ मोठ्यानं स्वतः पाण्यात, हात लांबवला की पोचेल एवढ्या अंतरावर असायचं. दंडातले फुगे आणि रबरी बदकं ही खेळणी आहेत, त्यांच्या भरवशावर मूल सोडायचं नाही. दर अर्ध्या-पाऊण तासानं सगळ्या पोरांना बाहेर काढून बाथरूमला न्या, पाणी पाजा. पोट बिघडलेलं असेल तर त्या मुलाला त्या सहलीत पूल नाही, कितीही रडलं तरी. इतरांच्या तोंडात ते पाणी जातं.

आणि पूलवरून रूमवर जाताना डोकी मोजा.

दुपार

अकरानंतर बाहेर या. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड झाली की ऊन कडक झालं असं समजा. मार्च ते मे गोव्यातल्या दुपारी अतिनील किरणांचा निर्देशांक दहाच्या पुढे जातो, आणि तीनपासून वर असला की त्वचेला जपावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. "पैसे भरलेत, वसूल करू" म्हणून चार-चार तास पाण्यात राहिलेली कुटुंबं मी संध्याकाळी पाहिली आहेत. लालबुंद खांदे, डोकेदुखी, आणि रात्रीचं जेवण कुणालाच जात नाही.

गोव्याच्या गावांत दुपारी एक-दीड ते साडेतीन-चार दुकानांची दारं लागलेली असतात. तोच रिवाज तुम्ही पाळा. शीतकडी म्हणजे भात-आमटी, तळलेली सुरमई किंवा बांगडा, वर सोलकढी. शाकाहारी असाल तर खतखतं, म्हणजे मिसळीच्या भाज्यांचं गोव्याचं कालवण, मिळतंय का विचारा. पाण्यात असल्यानं घाम कळत नाही, पण अंगातलं पाणी जातच असतं, म्हणून शहाळं किंवा कोकम सरबत घ्या. बिअर किंवा फेणी घ्यायची असेल तर पूलचा दिवस संपल्यावर. दारू पिऊन पाण्यात उतरायचं नाही, मग पाणी चारच फूट का असेना.

बाहेरचं खाणं पूलकडेला चालत नाही. घरून आणलेला चिवडा-लाडू रूमवर खा. काचेचा पेला पूलपाशी नेऊ नका, फुटलेली काच पाण्यात दिसत नाही. खुर्चीवर मागवलेलं सगळं रूमच्या बिलात चढतं आणि कर वेगळा लागतो, म्हणून चिठ्ठीवर सही करण्याआधी आकडा वाचा.

मग पंखा लावून झोपा. खरंच झोपा.

संध्याकाळ आणि निघताना

चार-साडेचारला दुसऱ्यांदा उतरा. दिवसभर तापलेलं पाणी आता कोमट असतं, ऊन तिरपं होतं, आणि सकाळी जे घाबरले ते आता स्वतःहून पायऱ्यांकडे जातात. पाऊण तास पुरे. सामान? ते एका खुर्चीवर टॉवेलखाली ठेवा. त्यात चोरण्यासारखं काही नको, एवढीच व्यवस्था आधी करायची. मोबाईल आणि पाकीट रूममध्ये, रूमची चावी किंवा कार्ड टॉवेल देणाऱ्याकडे किंवा रिसेप्शनला.

बाहेर आल्यावर शॉवर, आणि कान एका बाजूला कलवून पाणी निथळू द्या. काडी घालू नका. कॉस्च्युम साध्या पाण्यात खळबळून धुवा, पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सावलीत वाळत घाला. क्लोरीन तसंच राहिलं तर लायक्रा सैल पडते.

दुसऱ्या दिवशी रूम सकाळी अकरा-बाराला सोडावी लागते, पण गाडी संध्याकाळची असेल तर बॅगा रिसेप्शनला ठेवून पूल वापरायला पुष्कळ ठिकाणी देतात. आदल्या रात्रीच विचारून ठेवा. आम्ही विचारलं नव्हतं, आईनं विचारलं. नाश्त्याच्या टेबलावर येऊन तिनं सांगितलं, "दोनपर्यंत चालेल म्हणाले," आणि कॉस्च्युमची पिशवी तिच्या हातात होती.